सोबतीला गेर्निका

गेल्या महिन्यात घर बदललं. सामान हलवणाऱ्यांनी "काळजी करू नका साहेब" म्हणत आजोबांच्या फोटोची काच फोडलीच. जिन्यात फुटली की ट्रकमध्ये, ते कुणालाच सांगता येईना. सोबत कुणी नव्हतं ना!

आपल्याकडे कुरिअर म्हणजे पाकीट आणून देणारा माणूस. संग्रहालयांच्या दुनियेत मात्र कुरिअर म्हणजे चित्रासोबत प्रवास करणारा, बहुधा संग्रहालयाचाच माणूस. पेटी भरताना तो हजर, विमानात चढेपर्यंत तो हजर, पुढे ट्रकबरोबरही तोच. निघताना चित्रावरच्या भेगा, ओरखडे नोंदवायचे आणि पोचल्यावर ती नोंद ताडून पाहायची. (आम्ही फाइल पाठवल्यावर चेकसम जुळवतो, तसंच!) पेटी लगेच उघडायचीही नाही. सहसा २४ तास तशीच ठेवतात, म्हणजे आतलं चित्र नव्या हवेला हळूहळू सरावतं.

पण सोबत असली म्हणजे झालं का? पिकासोच्या 'गेर्निका'ची कहाणी पाहा.

२६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रांतातलं गेर्निका गाव बेचिराख केलं. पिकासोने त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनासाठी हे चित्र काढलं. जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद! एवढं मोठं चित्र हलवायचं तर एकच मार्ग: चौकटीचे खिळे काढा, कॅनव्हास गुंडाळा, पुढच्या गावी पुन्हा ठोका. १९३८ मध्ये ते स्कँडिनेव्हियात फिरलं, मग इंग्लंडमध्ये. १ मे १९३९ ला 'नॉर्मंडी' बोटीने न्यूयॉर्कला पोचलं. सोबतीला कोण, तर यादवी युद्धात हरलेल्या सरकारचे पंतप्रधान हुआन नेग्रिन. निर्वासितांसाठी पैसे उभे करायचे होते.

पुढे मिलान, साओ पाउलो, म्युनिक, ॲमस्टरडॅम... दरवेळी तीच गुंडाळी. रंगाला भेगा पडल्या, कडा खिळ्यांनी चाळणी झाल्या. शेवटी मागच्या बाजूने मेणाचा थर देऊन कॅनव्हास सावरावा लागला आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस फिरती बंद केली.

स्पेनमध्ये लोकांचं स्वातंत्र्य परत आल्याशिवाय चित्र तिकडे जाऊ नये, ही पिकासोची अट होती. तो १९७३ मध्ये गेला, फ्रँको १९७५ मध्ये. १० सप्टेंबर १९८१ ला आयबेरियाच्या नेहमीच्या विमानाने चित्र माद्रिदला उतरलं. बहुतेक प्रवाशांना पत्ताच नव्हता. उतरल्यावर वैमानिकाने सांगितलं की तुमच्यासोबत 'गेर्निका' होतं. मला हा प्रसंग फार आवडतो. नकळत सगळे प्रवासीच कुरिअर झाले!

१९९७ मध्ये बिलबाओला, म्हणजे बास्क प्रांतातच, गुगेनहाइम संग्रहालय सुरू झालं. उद्घाटनासाठी 'गेर्निका' मागितलं गेलं. माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयाने नकार दिला: प्रवास झेपणार नाही. ज्यांचं गाव जळलं त्यांनाच नाही म्हणायचं? आधी मला हे उर्मटपणाचं वाटलं होतं. आता पटतं. त्या भेगा कुणाच्या एका धक्क्याने पडलेल्या नाहीत. पॅरिसहून निघाल्यावर चित्राने जे काम केलं, त्याची ती झीज आहे. सोबतीने अपघात टळतो, झीज टळत नाही.

असो. आजोबांच्या फोटोला नवी काच बसवलीये. पुढच्या वेळी तो माझ्या मांडीवरच प्रवास करेल.