ऐकणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास

'चिश्ती' म्हटले की आपल्याला अजमेर आठवते. परंतु चिश्त हे मुळात अफगाणिस्तानातील हेरातच्या पूर्वेस, हरीरूद नदीच्या खोऱ्यात वसलेले एक गाव. दहाव्या शतकात शाम देशातून, म्हणजे सीरियातून आलेल्या अबू इसहाक शामी यांच्यापासून तेथील सूफी परंपरेचा आरंभ मानला जातो. या गुरुपरंपरेला 'सिलसिला', म्हणजे साखळी, म्हणतात. मुईनुद्दीन चिश्ती (मृत्यू १२३६) यांनी ती अजमेरला आणली. पुढे दिल्लीत कुतबुद्दीन बख्तियार काकी, पंजाबात अजोधनला फरीदुद्दीन गंजशकर आणि पुन्हा दिल्लीत निजामुद्दीन औलिया (मृत्यू १३२५) असे तिचे दुवे जुळत गेले.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक पेच पडतो. या थोर पुरुषांनी ग्रंथ लिहिले नाहीत, असे निजामुद्दीनांचे उत्तराधिकारी नसीरुद्दीन चिराग देहलवी यांनीच सांगून ठेवले आहे. मग त्यांची वाणी आपल्यापर्यंत पोहोचली कशी?

ती पोहोचवली श्रोत्यांनी. कवी अमीर हसन सिज्जी यांनी १३०८ ते १३२२ या काळात निजामुद्दीनांच्या बैठकींतील संभाषणे तारीखवार टिपली. तो ग्रंथ 'फवाइदुल फुआद'. अशा लेखनाला 'मलफूजात' म्हणतात. त्याची गोडी एवढी लागली की मागील गुरूंच्या नावावरही अशी पुस्तके तयार झाली. इतिहासकार मोहम्मद हबीब यांनी १९५० मध्ये त्यांतील कालविसंगती दाखवून ती उत्तरकालीन ठरवली. आपल्या संतांच्या नावावर चढलेले अभंग पारखताना हीच अडचण येते. मात्र प्रक्षिप्त ठरलेले लेखन टाकाऊ ठरत नाही, असे आम्हांला वाटते. त्यातून गुरूचे चरित्र कळत नसले, तरी भक्तांची भूक कळते.

१३२७ च्या सुमारास मुहंमद तुघलकाने दौलताबादेस राजधानी केली आणि दिल्लीकरांना तिकडे पाठवले. दरबारापासून अंतर राखणारा हा सिलसिला दख्खनेत रुजला, तो असा सुलतानाच्या हुकुमामागून. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) दौलताबादेत आले. काशानी बंधूंनी त्यांचीही वचने फारसीत नोंदवली.

महाराष्ट्राच्या भूमीवर त्याआधी जेमतेम अर्धशतक म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा मराठीत संकलित केल्या होत्या. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव होता, असे आम्हांला सुचवायचे नाही. मात्र गुरूच्या साध्या बोलण्यालाही ग्रंथाचे मोल देणारे दोन श्रोतृसमाज येथे इतक्या जवळजवळ नांदले, ही गोष्ट लहान नव्हे. 'लीळाचरित्र' आपण गद्य म्हणून वाचतो. फारसीतल्या या नोंदी मात्र दर्ग्याची बाब म्हणून बाजूला सारतो. त्यामुळे आपलेच वाङ्मयीन चित्र अर्धे राहते.

खुलताबादला बुऱ्हानुद्दीनांचा दर्गा आहे. दिल्लीतील त्या बैठकी टिपणारा अमीर हसनही त्याच गावी चिरविश्रांती घेतो आहे.