कान फुटण्याचं कूळ

भंडारा जिल्ह्यात पोराचा कान फुटला की पहिला संशय तलावावर जातो. कोहळी मंडळींनी गावोगाव बांधून ठेवलेल्या मामा तलावांचा हा मुलूख. त्यामुळे 'डुबक्या मारल्या, कानात पाणी गेलं, कान वाहायला लागला' हे निदान घरातच होतं. ते अर्धंच खरं आहे. पडदा शाबूत असेल तर पाणी त्याच्या पलीकडे जात नाही. भोक असेल तरच ते मधल्या कानात शिरतं आणि पाण्यात सहज तग धरणारा स्युडोमोनास जिवाणूही त्याच्यासोबत आत जाऊ शकतो. पण भोक आधी पाडलं कोणी? कान बहुधा आतूनच फुटतो. सर्दीनंतर मधल्या कानात पू साचतो आणि त्याचा दाब पडद्याला सोसवत नाही.

या आतल्या वाटेचा सुगावा जुनाच. सुश्रुतानं 28 कर्णरोग सांगितले. त्यातल्या कर्णप्रतिनाहात कानातला मळ पातळ होऊन नाकातोंडाकडे उतरतो, असं वर्णन आहे. कारण आज पटणार नाही, पण कान आणि नाक-घसा यांच्यातली वाट बरोबर हेरली होती. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं कान आणि घसा जोडणारी नळी नीट वर्णिली. आज ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास आणि उतरती असते. लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून नाकातली घाण मुलांच्या कानात लवकर चढते.

नळीच्या तोंडाशी काय दडलंय, हे मात्र कोपनहेगनच्या विल्हेल्म मायरनं शोधलं, तेही बोटानं. ऐकायला कमी येणारी, बोबडं-कोंदट बोलणारी एक तरुणी त्याच्याकडे आली. त्यानं तोंडातून बोट घालून पडजिभेच्या मागं वर चाचपलं, तर मऊ मांसाचा गोळा, म्हणजे ॲडेनॉइड, हाताला लागला. कडीसारखी सुरी नाकातून घालून, बोटाच्या आधारानं, त्यानं तो खरवडून काढला. 1868 मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं आणि पुढं वर्गणी काढून देशोदेशीच्या लोकांनी कोपनहेगनात त्याचा पुतळा उभारला. नाकामागच्या मांसापायी पुतळा मिळालेला दुसरा माणूस मला तरी ठाऊक नाही!

मायरपासून शंभरेक वर्षं सगळा दोष आकाराला दिला गेला. 'नाकात मांस वाढलंय', म्हणजे नळी दबली, म्हणजे कान बिघडला. हा हिशेब 1987 मध्ये डळमळला. अमेरिकेत जॉर्ज गेट्स आणि सहकाऱ्यांनी मधल्या कानात स्राव साचून राहणाऱ्या चार ते आठ वर्षांच्या मुलांवर मोठी चाचणी केली. ॲडेनॉइड काढल्याचा फायदा झाला, पण तो गोळ्याच्या आकारावर अवलंबून नव्हता. लहानसं ॲडेनॉइड काढूनही कान सुधारत होता. मग अडचण होती ती त्यातल्या बिऱ्हाडकरूंची: न्यूमोकॉकस, हिमोफिलस, मोराक्सेला हे जिवाणू.

हे बिऱ्हाडकरू औषधाला का दाद देत नाहीत, ते 2006 मध्ये दिसलं. कानाच्या पडद्यात निचऱ्याची नळी बसवायला आलेल्या मुलांच्या मधल्या कानातल्या अस्तराचे 50 नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. 46 मध्ये जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, आढळला. तलावाच्या पायरीवर पाय घसरतो तो बुळबुळीतपणा याच जातीचा. पायरी नुसती धुतली तर तो जात नाही, घासावी लागते. ॲडेनॉइडच्या खाचांतही असे थर सापडले. गोळ्या संपल्या, कान सुकला, पुढच्या सर्दीत पुन्हा वाहिला, या रहाटगाडग्याचा बराचसा उलगडा त्यातून झाला.

'मोठा झाला की थांबेल' हा आजीचा भरवसाही अगदीच फुकाचा नाही. ॲडेनॉइड सहा-सात वर्षांपर्यंत वाढतं, मग आकसत जातं. पण तोवर पडद्याला कायमचं भोक पडलं, तर ते वयानं बुजतंच असं नाही. म्हणून तपासणी वेळेत व्हायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरला सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत मधल्या कानाचा आजार आहे. पथक अंगणवाडीत आलं की वाहणारा कान त्यांना दिसेलच. नाकामागचं ॲडेनॉइड मात्र दिसणार नाही; म्हणून पोरगं रात्री तोंड उघडं ठेवून घोरतं का, हे आईनं आपणहून सांगावं.