बँकेच्या सॉफ्टवेअरमधला बराचसा कोड बँकेने लिहिलेलाच नसतो! मग तो येतो कुठून?

हिंजवडी किंवा खराडीतल्या एखाद्या आयटी कंपनीची ‘जावा डेव्हलपर पाहिजे’ अशी जाहिरात वाचा. जावाच्या पुढे स्प्रिंग बूट, हायबरनेट, मेव्हन ही नावं बहुतेक वेळा दिसतातच. यातलं काहीही मूळ जावा भाषेचा भाग नाही. ही सगळी ओपन सोर्स साधनं आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही फुकट वाचता, वापरता आणि बदलता येतो. आणि जगभरातल्या बँका, विमा कंपन्या आणि शॉपिंग साइट्सचा मोठा कारभार याच फुकटच्या कोडवर चालतो.

असं का? तर बँकेचं सॉफ्टवेअर घ्या किंवा विम्याचं, त्यातली निम्मी कामं सारखीच असतात. लॉगिन तपासणं, डेटाबेसशी बोलणं, एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्यात पोहोचले नाहीत तर ते परत फिरवणं, घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणं. प्रत्येक कंपनीने हे पुन्हा पहिल्यापासून लिहिण्यात काहीच अर्थ नाही.

संगीताचा डॉक्टर आणि स्प्रिंग

जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणली. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरसाठी सनने १९९९ मध्ये जे२ईई नावाची वेगळी नियमावलीही दिली. कागदावर ती छान होती. प्रत्यक्षात मात्र साध्या कामासाठीही तीन-चार फाइल्स लिहायच्या, वर एक्सएमएलची भलीमोठी फाइल जोडायची आणि एक ओळ बदलली तरी सगळं सर्व्हरवर चढवून वाट बघत बसायचं, असा प्रकार होता.

रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००२ मध्ये पुस्तक लिहून या पद्धतीवर टीका केली. गंमत म्हणजे या माणसाची पीएचडी संगीतशास्त्रातली! पण तो नुसती टीका करून थांबला नाही. पुस्तकासोबत त्याने सुमारे ३० हजार ओळींचा चालता कोड दिला. युर्गन होलर आणि यान कारॉफ या दोन वाचकांनी त्याला हा कोड ओपन सोर्स करायला राजी केलं. जे२ईईच्या हिवाळ्यानंतरचा वसंत म्हणून नाव ठरलं ‘स्प्रिंग’. पहिली पक्की आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली.

स्प्रिंगची मूळ कल्पना समजायला लग्नाच्या जेवणावळीतला आचारी आठवा. तो स्वतः मंडईत जात नाही. यादी देतो, यजमान सामान आणून देतो, आचारी फक्त स्वयंपाक करतो. स्प्रिंगमध्ये कोडचा प्रत्येक तुकडा ‘मला डेटाबेस लागेल’ एवढंच सांगतो आणि तो हातात आणून द्यायचं काम स्प्रिंग करतं. याला डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. फायदा असा की चाचणीच्या वेळी खऱ्या डेटाबेसऐवजी लुटुपुटूचा डेटाबेस देता येतो आणि सर्व्हर सुरू न करता काही सेकंदांत चूक सापडते.

हायबरनेट २००१ मध्ये गॅव्हिन किंगने सुरू केलं. डेटाबेसमधले तक्ते आणि जावातले ऑब्जेक्ट यांच्यातलं भाषांतर ते करतं, त्यामुळे शेकडो ओळी वाचतात. मात्र पडद्यामागे काय चाललंय ते दिसत नाही. शंभर ऑर्डर्सची यादी आणि प्रत्येकीच्या ग्राहकाचं नाव एवढंच मागितलं, तरी निष्काळजी कोड डेटाबेसला एकाऐवजी १०१ प्रश्न विचारू शकतो. मग ॲप का रखडतंय हे शोधण्यात दिवस जातात.

कोड लिहायला आयबीएमने २००१ मध्ये खुलं केलेलं एक्लिप्स किंवा इंटेलिजे वापरतात. २०१४ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूटने तर नवीन प्रकल्प उभा करणं मिनिटांवर आणलं. आणि लागणारी लायब्ररी इंटरनेटवरून आणून देतं ते मेव्हन. खरी गोम इथेच आहे.

न मागितलेलं सामान

तुम्ही मेव्हनकडे एक लायब्ररी मागता. तिला आणखी पाच लागतात, त्या पाचांना आणखी वीस. सगळ्या आपोआप येतात. यादीत दहा नावं लिहिणाऱ्या टीमच्या ॲपमध्ये शंभरेक लायब्ररी बसलेल्या असू शकतात.

डिसेंबर २०२१ मध्ये याचा जगभर दणका बसला. नोंदी ठेवणाऱ्या लॉग४जे या लायब्ररीत अशी फट निघाली की विशिष्ट मजकूर नोंदवला गेला तरी हल्लेखोराला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता यायचा. माइनक्राफ्ट गेममध्ये तर चॅटमध्ये एक ओळ टाकणं पुरेसं होतं. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. गुगलच्या पाहणीत जावाच्या मुख्य कोठारातली ३५ हजारांहून जास्त पॅकेजेस बाधित निघाली, त्यातली बहुतेक आडवाटेने. स्प्रिंग बूट वापरणारे मात्र बऱ्याच अंशी वाचले, कारण त्याची नेहमीची नोंदवही लॉगबॅक ही वेगळी लायब्ररी आहे. लॉग४जे सांभाळणारे होते स्वयंसेवक. त्यांनी डिसेंबर संपायच्या आत एकामागून एक दुरुस्त आवृत्त्या दिल्या.

पण दुरुस्ती आली म्हणजे ती बसवली गेली, असं नसतं. स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधल्या फटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. अमेरिकेतल्या इक्विफॅक्सने ती एका सिस्टिमवर बसवली नाही. मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. २०१९ मध्ये कंपनीने किमान ५७.५ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. नुकसान भरावं लागलं ते इक्विफॅक्सला. स्ट्रट्स ज्या अपाची परवान्यावर मिळतं, त्यात सॉफ्टवेअर ‘आहे तसं’, कोणत्याही हमीशिवाय दिल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं.

म्हणूनच आता अनेक कंपन्या आपल्या ॲपमध्ये नेमकं काय काय आहे याची यादी ठेवतात. मेव्हनची ‘डिपेन्डन्सी ट्री’ कमांड ही साखळी दाखवते, तर ओवॅस्पचं फुकट मिळणारं डिपेन्डन्सी-चेक त्यातल्या माहीत असलेल्या फटी शोधतं. आवृत्ती बदलणंही सोपं नसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं. शिवाय ‘जावाएक्स’ने सुरू होणारी बरीच जुनी नावं ‘जकार्ता’ अशी बदलावी लागतात, कारण ओरॅकलने हा प्रकल्प एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला तरी जुनं नाव पुढे वापरायची मोकळीक दिली नाही. त्यामुळे जुन्या आवृत्तीचा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला, तेव्हा कंपन्यांपुढे दोनच सरळ मार्ग उरले: हजारो फाइल्स बदलायच्या, नाहीतर जुन्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांसाठी पैसे मोजायचे.