शस्त्र विकावे कोठे?

जुनी तलवार वा कट्यार कोठे विकावी, हा प्रश्न वरवर व्यापाऱ्याचा. वस्तुतः तो इतिहासाचाही आहे. मोडीच्या बाजारात पोलादाचे वजन होते, लिलावगृहात पूर्वपीठिकेचे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूच्या शयनगृहातील तलवार सेनापती बेअर्ड यांस नजर झाली. हा वृत्तांत तिच्यासवे जतन झाला; म्हणूनच २०२३ साली लंडनच्या बॉनहॅम्सकडे ती सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांस गेली, अंदाज २० लाखांपलीकडे नसताही! रघूजी भोसल्यांच्या फिरंगेवर त्यांचे नाव सोन्याच्या देवनागरी अक्षरांत कोरलेले. तेणेंकरून ती ओळखली गेली, आणि २०२५ साली सदबीजच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये वेचून ती स्वदेशी आणिली.

आता घरबसल्या संगणकावरून बोली लागते. भारतात १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांवरील पुरावस्तू खाजगी इसमास परदेशी धाडता येत नाही. तेव्हा येथील विक्रेत्याने येथेच निवड करावयाची. आमचे मत असे की, जेथे भावाआधी वस्तूचा पूर्वेतिहास विचारला जातो व लिहून ठेविला जातो, तेच स्थान निवडावे. कागद हरवला की तलवार उरते, इतिहास उरत नाही.