समुद्रावरचा टोलनाका

लॉकडाऊनमध्ये आम्ही चौघं मित्र रात्री अकरानंतर समुद्रावर जायचो. मी मुलुंडहून, एक जण बोरिवलीहून, एक अंधेरीहून आणि चौथा घाटकोपरच्या वन बीएचकेमधून, आईबाबा झोपल्यावर हेडफोन लावून. गेम होता 'सी ऑफ थीव्ज'. नावात चोर असले तरी आमचा कल धंद्याकडे. एका बेटावरून कोंबड्या आणि डुकरं पिंजऱ्यात घालायची, वेळेच्या आत दुसऱ्या बेटावर पोचवायची आणि सोन्याची नाणी घ्यायची. मारामारी करणाऱ्यांना हे फार बोअर वाटतं, पण आम्हाला तेच आवडायचं.

या गेमची एक खोड आहे. जहाजावर कितीही माल असू दे, बंदरावर विकेपर्यंत त्याची किंमत शून्य. वाटेत कुणी तुम्हाला बुडवलं की माल त्याचा. त्यावर उपाय म्हणून अलायन्सचा झेंडा असतो. तो लावलेली जहाजं एकमेकांच्या कमाईत वाटेकरी होतात. एकदा दोन तास खपून गोळा केलेला माल घेऊन आम्ही बंदराला लागत होतो. शेजारी अलायन्सचा झेंडा लावलेलं जहाज होतं. त्याने झेंडा उतरवला आणि तोफा डागल्या. घाटकोपरकराने तोंड उघडलं तेव्हा त्याचे बाबा जागे झाले.

त्या रात्री मला एक प्रश्न पडला. खऱ्या समुद्रावर हे कसं चालायचं? झेंडा कुणाचा, माल कुणाचा, वाटा कुणाचा, हे ठरवायचं कोण? उत्तर शोधायला कॅरिबियनपर्यंत जावं लागलं नाही. आमच्या गच्चीवरून मिठागरं दिसतात आणि त्यांच्या पलीकडे ठाण्याची खाडी. तिथूनच सुरुवात झाली.

१६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळालं आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. शाळेत आपण इथपर्यंतच शिकतो. पण साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतचा आणि मुलुंड-घाटकोपरसकटचा सगळा भाग, पोर्तुगीजांकडेच राहिला. आज ज्याला आपण 'सबर्ब्स' म्हणतो तो तेव्हा मुंबईच्या मानाने परदेश होता. आणि या परदेशाने मुंबईचा गळा धरला होता. कल्याण-भिवंडीकडून खाडीने मुंबईला येणाऱ्या होड्यांना ठाण्याला थांबून जकात द्यावी लागे. दक्षिणेच्या तोंडावर कारंजाला, म्हणजे उरणच्या बाजूला, तसाच दुसरा नाका. कंपनीचे लोक वर्षानुवर्षं चिडून पत्रं लिहीत राहिले, पोर्तुगीज जकात घेत राहिले. मुलुंडचा टोलनाका ही आपल्याकडची बरीच जुनी परंपरा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पोर्तुगीजांना हे नवीन नव्हतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांनी अरबी समुद्रावर 'कार्ताझ' नावाचा परवाना लादला होता. कार्ताझवर जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, जहाजाचा आकार, शस्त्रं, कुठून कुठे जाणार, सगळं लिहिलेलं असे. काही माल न्यायलाच बंदी. परवान्याची किंमत तशी किरकोळ. खरी कमाई अटीत होती. वाटेत पोर्तुगीजांच्या बंदराला लागायचं आणि तिथे जकात भरायची. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त, माल जप्त, माणसं गुलाम किंवा त्याहून वाईट. मक्केला जाणाऱ्या जहाजासाठी अकबर बादशहालाही हा कागद घ्यावा लागला. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर ही त्या काळची एपीआय की. फुकट मिळाली तरी ती वापरली की तुम्ही त्यांच्या सर्व्हरवर.

हे सगळं चालत होतं कशाच्या जोरावर, तर वाऱ्याच्या. शिडाचं जहाज कुठे आणि कधी असणार हे वारा ठरवतो. जून लागला की कोकणातली गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात ढकलायची. पुढचे आठ महिने कमाईचे. किनाऱ्याने जाणारी शिबाडं रात्री उशिरा जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायची आणि दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने पुन्हा किनाऱ्याकडे यायची. त्यामुळे ती किनाऱ्याजवळूनच जात, आणि ज्याच्याकडे किनाऱ्यावर एक किल्ला आणि दहा वेगवान गलबतं, त्याच्या नजरेतून ती सुटत नसत. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही नावं नकाशावर एका ओळीत लावून बघा.

माल काय असे? सोनं-चांदी आणि मसाल्याची जहाजं गोष्टीत येतात. रोजच्या फेऱ्या तांदूळ, नारळ, सुपारी, सागवान, कापड आणि मिठाच्या. मिठात काय मिळणार असं वाटतं, पण किनाऱ्यावर मातीमोल असलेलं मीठ घाट चढून बैलाच्या पाठीवर देशावर गेलं की त्याचा भाव बदलतो. शिवाजी महाराजांना हे नेमकं कळत होतं. डिसेंबर १६७१ मध्ये त्यांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीज गोव्यातलं मीठ स्वस्त पडत होतं, व्यापारी तिकडे वळत होते आणि संगमेश्वरचं मीठ पडून राहण्याची भीती होती. महाराजांचा हुकूम असा की बारदेशच्या मिठावर इतकी जकात बसवा की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल. नाहीतर आपली बंदरं बसतील. तलवारीच्या चित्रांपेक्षा मला हे पत्र जास्त थक्क करतं. १६५९ च्या आसपास कल्याण-भिवंडीच्या खाडीत पोर्तुगीजांच्या नाकासमोर जहाजं बांधायला घेणारा राजा आरमाराकडे फक्त लढाईचं साधन म्हणून बघत नव्हता, हे त्यातून दिसतं.

आता कान्होजी आंग्रे. मुंबईत नौदलाचा तळ 'आयएनएस आंग्रे' आहे आणि खांदेरी बेटालाही १९९८ पासून त्यांचं नाव आहे. इंग्रजी पुस्तकांत मात्र बराच काळ त्यांच्यासाठी एकच शब्द होता: पायरेट. या शब्दाचा आपल्याला राग येतो आणि आपण लगेच 'ते तर स्वराज्याचे सरखेल' असं उत्तर देतो. ते खरंच आहे. पण त्याने भांडण कशावरून होतं ते कळत नाही. भांडण कागदावरून होतं.

कान्होजींनी किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांसाठी स्वतःचं दस्तक चालू केलं. ज्याच्याकडे दस्तक त्याला संरक्षण, नाही त्याचं जहाज पकडायचं. कार्ताझचीच ही मराठी आवृत्ती, आणि पोर्तुगीज दीडशे-दोनशे वर्षं जे करत होते त्याला कुणी चाचेगिरी म्हणत नव्हतं. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही कुणाचंच दस्तक घेणार नाही. १७१२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गव्हर्नरची 'अल्जेरीन' ही नौका कान्होजींच्या गलबतांनी पकडली. तिच्यातून कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन चालला होता. तो चकमकीत मेला आणि त्याची कोवळ्या वयाची बायको कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला सोडलं. ही गोष्ट रंगवून खूप जणांनी सांगितली आहे. मला तिच्यापेक्षा नंतरचा तह महत्त्वाचा वाटतो.

१७१३ च्या त्या तहात कान्होजींनी इंग्रजांच्या जहाजांना त्रास न देण्याचं कबूल केलं. बदल्यात इंग्रजांनी मान्य केलं की इंग्रज व्यापाऱ्यांच्या मालकीची नसलेली जहाजं इंग्रजी निशाण लावणार नाहीत.

ही अट का घातली असेल? कंपनीचे नोकर पगारावर जगत नव्हते. बहुतेकांचा खासगी धंदा किनाऱ्यावरच्या व्यापारात होता, देशी व्यापाऱ्यांबरोबर भागीदारीत. एखाद्या देशी शेटचा माल इंग्रजी निशाणाखाली गेला तर दस्तकाचा खर्च वाचतो, आणि वाचलेल्या पैशात निशाण देणाऱ्याचाही हात असतो. एका कुटुंबाचा ओटीटीचा पासवर्ड अख्ख्या सोसायटीने वापरावा तसं. फरक इतकाच की इथे पासवर्ड ब्लॉक करायला कान्होजी तोफा घेऊन येत.

तह टिकला नाही. चार्ल्स बून १७१५ च्या शेवटी मुंबईचा गव्हर्नर झाला. कंपनीच्या एका देशी दलालाचं 'सक्सेस' नावाचं जहाज आंग्र्यांनी पकडलं तेव्हा वाद नेमका याच मुद्द्यावर आला. इंग्रज म्हणाले, ते आमचं. कान्होजी म्हणाले, माल आणि जहाज देशी माणसाचं, मग ते तुमचं कसं? आज दोन्हीकडची बाजू वाचताना मला कान्होजींची बाजू तहाच्या शब्दांना जास्त धरून वाटते. बूनने तोफांनी उत्तर द्यायचं ठरवलं. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाबा. चारही मोहिमा फसल्या.

या भांडणात सगळ्यात वाईट अवस्था कुणाची झाली, तर रामा कामतींची.

रामा कामती हे मुंबईतले शेणवी व्यापारी, बेटावरच्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक. वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा उभारलं गेलं ते त्यांच्या पैशातून, १७१५ मध्ये. कंपनीशी त्यांचे संबंध इतके चांगले होते की १७१८ च्या नाताळात फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च उघडलं तेव्हा ते आपल्या जातीच्या मंडळींसह तिथे हजर होते आणि बाहेर उभं राहून त्यांनी पूर्ण प्रार्थना ऐकली. चर्चच्या पाद्र्याने हे कौतुकाने लिहून ठेवलं आहे.

१७२० मध्ये त्याच रामा कामतींवर मुंबईत खटला चालला. आरोप: कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधलं, कंपनीच्या मोहिमांची बातमी पुरवली. पुरावा म्हणून त्यांच्या शिक्क्याची पत्रं पुढे आली. त्यांच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावून जबानी काढली. कामती दोषी ठरले, जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त होऊन लिलावात गेली. १७२८ मध्ये ते कैदेतच वारले. ती पत्रं आणि शिक्के बनावट होते, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं.

खांदेरीला १७१८ मध्ये नामुष्की झाल्यावर आत कुणीतरी फितूर असलाच पाहिजे, असं बूनच्या लोकांना वाटणं सोपं होतं. स्वतःच्या हातून मोहीम फसली हे कबूल करण्यापेक्षा नक्कीच सोपं. हा माझा अंदाज. पण मला जास्त छळतं ते दुसरंच. कोकण किनाऱ्यावर धंदा करणाऱ्या माणसाचा आंग्र्यांच्या माणसांशी पत्रव्यवहार नसणं शक्य होतं का? माल पकडला गेला तर सोडवायला कुणाला लिहिणार? दस्तक हवं तर कुणाकडून घेणार? दोन्हीकडे ओळख असणं हेच अशा व्यापाऱ्याचं भांडवल. शांततेत त्याच ओळखीवर नफा होतो, आणि लढाई लागली की त्याच ओळखीवर खटला. गेममध्ये आमचं जहाज बुडालं तेव्हा आम्ही पाच मिनिटांत नवीन जहाजावर उभे होतो.

१७२४ मध्ये विल्यम फिप्स या नव्या गव्हर्नरने कान्होजींना पत्र लिहिलं, त्यात लुटीवर उभं राहिलेलं राज्य टिकत नाही अशा अर्थाचा उपदेश होता. कान्होजींचं उत्तर शांत आहे. दुसऱ्याचं घेण्याची इच्छा व्यापाऱ्यांनाही चुकलेली नाही, जगाची रीतच ती, असं ते म्हणतात आणि शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी लढून राज्य कसं उभं केलं याची आठवण देतात. यात ते आपण साधू असल्याचा आव आणत नाहीत, म्हणून ते पत्र मला आवडतं.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. मुलांमध्ये भाऊबंदकी माजली. दरम्यान साष्टीचा धनी बदलला: १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि माझ्या गच्चीसमोरची खाडी मराठ्यांकडे आली. ठाण्याचा नाकाही अर्थात त्यांच्याकडे गेला.

शेवट विजयदुर्गला झाला. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गसमोर आले. बंदरात तुळाजींचं आरमार उभं होतं आणि त्यात इंग्रजांकडूनच पकडलेलं 'रिस्टोरेशन' हे जहाज होतं. तोफगोळ्याने त्याला आग लागली, ती शेजारच्या गलबतांवर पसरली आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. किल्ल्यात सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला. तो इंग्रजांनी आपसात वाटून घेतला. सोबतीला आलेल्या मराठ्यांच्या हाती काही लागलं नाही. घाटकोपरकराला हे सांगितलं तेव्हा त्याने फक्त विचारलं, "झेंडा आधी उतरवला होता की नंतर?"

तीन वर्षांनी, १७५९ मध्ये, कंपनीने सुरतेचा किल्ला घेतला आणि मुघलांच्या आरमाराचं काम त्याच्या तनख्यासकट स्वतःकडे घेतलं. सुरतेच्या देशी जहाजाला समुद्रावर निघायचं तर परवाना त्यानंतरही लागायचाच. आता तो इंग्रजांकडून घ्यावा लागे.