टिळक दांपत्याचा आश्रयधर्म आणि बालकवी

भुकेल्याला अन्न देणे व परक्याला घरात आश्रय देणे ही ख्रिस्ती आचारधर्माची मूलभूत कर्तव्ये होत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अशी सेवा ही ख्रिस्ताचीच सेवा मानली आहे. महाराष्ट्रात या कर्तव्याला अनाथालये, शाळा व रुग्णालये असे संस्थात्मक रूप आले. पश्चिम खानदेशात चिंचपाडा (आता नंदुरबार जिल्हा) येथे १९४२ मध्ये सुरू झालेले मिशन रुग्णालय हे त्यांपैकी एक. त्याचे कौटुंबिक रूप अहमदनगर येथे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) व लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या घरी दिसते. त्याचा लाभ खानदेशातील एका कवीलाही झाला.

टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९९–१९०० च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना या दांपत्याने घरात घेतले. मिळकत बेताची, टिळकांचा हात सढळ आणि व्यवहारदृष्टी अल्प. त्यामुळे आश्रितांच्या पोषणाचा भार मुख्यतः लक्ष्मीबाईंवर पडे. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) या आत्मचरित्रात या औदार्यामागील ओढाताण विनोदबुद्धीने व निःसंकोचपणे नमूद झाली आहे.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात असल्याने वरचेवर बदल्या होत व मुलाचे शिक्षण खंडितपणे झाले. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्यांनी आपली कविता म्हटली, तेव्हा अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना 'बालकवी' ही पदवी दिली. या संमेलनास टिळक उपस्थित होते. पदवीने गौरव झाला, तरी या मुलाच्या योगक्षेमाचा प्रश्न सुटला नव्हता. टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्यांचा हट्टी, भाबडा व भावनाप्रधान स्वभाव आईच्या मायेने सांभाळला.

दुष्काळातील मिशनकार्यावर, अन्नाच्या मोबदल्यात धर्मांतर घडविले जाते, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत उदाहरणाचे महत्त्व विशेष आहे. ठोंबरे टिळकांच्या घरी कुटुंबीयांप्रमाणे राहिले. मात्र ते अखेरपर्यंत हिंदूच होते. धर्मप्रसार हे टिळकांचे जीवितकार्य होते. तथापि घरातील आश्रयाला त्यांनी धर्मांतराची अट घातली नाही.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळील भादली स्थानकानजीक रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला. ९ मे १९१९ रोजी टिळकही निवर्तले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ठोंबऱ्यांच्या ज्या आठवणी नोंदविल्या, त्यांत ते मान्यवर कवी म्हणून नव्हे, तर घरातला एक मुलगा म्हणून वावरतात.