रुळाची ऐरण

लोहारकाम शिकायचे म्हटले की पहिली अडचण ऐरणीची. नवी ऐरण महाग पडते. आपल्या लोहाराने यावर केव्हाच तोड काढली: आगगाडीच्या रुळाचा तुकडा. त्या तुकड्यात मला दख्खनचा इतिहास दिसतो.

आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रम् गावी मुशीत पोलाद शिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही इराणी व्यापारी ते न्यायला येत. पुढे काळ उलटला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, ती विलायतेहून बोटीने आलेल्या रुळांवरून. १८७८ च्या हत्यार कायद्याने तलवारीला परवाना लागला. लोहाराच्या हाती विळा-कोयताच उरला.

तरी त्याने हातोडा खाली ठेवला नाही. परक्याचा रूळ त्याने ओंडक्यात उभा रोवला. उभ्या रुळाचे सारे वजन घावाखाली येते. मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा त्याने सुरा घडवला.

तुम्हालाही हे जमेल. रूळ मात्र भंगारवाल्याकडून पावती घेऊनच आणा. पाते लोहचुंबकाला चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंशांपुढे तापवा आणि तेलात बुडवा. आता ते कडक, पण काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून घासून उजळ करून २०० अंशांच्या आसपास पुन्हा शेका. गवती रंग चढला की ते चिवट झाले.

मराठीत रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर येतो. कारखान्यातल्या तयार कोयत्यापुढे ज्याची भट्टी विझत चालली, त्या लोहाराचा प्रश्न तेवढा तिथे येत नाही.